विमान उतरलं, पुढे काय?

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागाच्या संपादिकेने लेख मागितला तेव्हा मी 'मला शुद्धलेखन येत नाही' म्हणून पळ काढायचा प्रयत्न केला. पण ती म्हणाली, "शुद्धलेखन आम्ही बघतो, तू विषय आण." विषय माझ्याकडे होता. गेल्या डिसेंबरपासून डोक्यात घोळतोय. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, चुका पोटात घाला आणि शेवटपर्यंत वाचा.

विषय प्रवासाचा आहे, पण हे प्रवासवर्णन नाही. सूर्योदय, धुकं, गरमागरम भजी यातलं काही मिळणार नाही. विमानतळावरच्या पट्ट्यावरून बॅग उचलल्यापासून डोंगरातल्या खोलीचं दार उघडेपर्यंत माणसाचं काय होतं, एवढंच मला सांगायचं आहे. विमानाचं तिकीट आपण तीन-तीन महिने आधी काढतो. हॉटेलचे फोटो झूम करून बघतो. आणि या दोघांच्या मधलं जे असतं त्याला आपण म्हणतो, "बघू तिथे गेल्यावर!"

माझं मत असं आहे की, हे 'बघू' म्हणजे आळस तर आहेच, पण त्याची किंमत बऱ्याचदा दुसराच कुणीतरी मोजतो. कोण, ते पुढे सांगते.

माझी आत्या झ्यूरिकजवळ राहते. २०२३ साली माझी बारावी आणि सीईटी उरकल्यावर तिने आम्हाला बोलावलं. आई, पप्पा आणि मी असे तिघे निघालो. जायचं होतं झेरमाटला, म्हणजे मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याच्या गावाला. निघायच्या दोन आठवडे आधी आत्याने एक कागद पाठवला. एकच पान, त्यावर चार रकाने. पहिल्यात गाडी कुठून कुठे, दुसऱ्यात वेळ आणि फलाट, तिसऱ्यात गाडी बदलायला मिळणारी मिनिटं. चौथ्या रकान्याचं नाव होतं 'चुकली तर'.

पप्पा हसले. म्हणाले, "हिला आम्ही शाळेच्या सहलीची मुलं वाटतो की काय?"

झ्यूरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. बॅगा घेऊन सरकत्या जिन्याने खाली उतरलो की फलाट. ना टॅक्सीवाल्यांशी घासाघीस, ना "कहाँ जाना है मॅडम". व्हिस्पला गाडी बदलायची होती. तिथे पप्पांनी फोटो काढण्यात वेळ घालवला आणि डोळ्यांदेखत गाडी गेली! आईचा चेहरा बघण्यासारखा होता. मी कागद उघडला. चौथ्या रकान्यात पुढच्या गाडीची वेळ लिहिलेली होती. आम्ही बाकावर बसलो, घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या आणि पुढच्या गाडीने गेलो. दशम्यांसकट तो सगळा प्रवास मला आठवतो, पण टेन्शन म्हणाल तर अजिबात आठवत नाही.

झेरमाटच्या अलीकडे पाचेक किलोमीटरवर टेश नावाचं गाव लागतं. कुणी स्वतःची गाडी घेऊन आलं तर त्याने ती इथेच ठेवायची. झेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे. पुढे शटल रेल्वे, आणि गावात बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या, डब्यासारख्या गाड्या. आमच्या हॉटेलची तशीच एक गाडी स्टेशनबाहेर उभी होती, कारण आम्ही कोणत्या गाडीने येणार हे त्यांना ठाऊक होतं. विमानतळापासून दोनशेहून जास्त किलोमीटर, मध्ये आल्प्सचे डोंगर. चुकलेली गाडी धरून आम्हाला लागले साधारण साडेचार तास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गेल्या डिसेंबरकडे येऊ. आमच्या आजोबांची पंचाहत्तरी होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं की, मुळशी तलावाच्या पुढच्या एका रिसॉर्टमध्ये दोन दिवस एकत्र जमायचं. नाशिकची मंडळी परस्पर पोचणार होती. आत्या, काका, दोन मुलं आणि आत्याच्या सासूबाई झ्यूरिकहून दिल्लीमार्गे रात्री साडेअकराच्या विमानाने पुण्याला उतरणार होत्या. आणि ही मुलगी मुळशीतल्या हॉस्टेलला राहते, त्यात पुन्हा इंजिनियर होणार आहे, म्हणून त्यांना आणायचं काम कुणाकडे? माझ्याकडे! मदतीला पप्पा नाशिकहून आले.

मी काय केलं? फोनवरून एक सात सीटर गाडी ठरवली. माणसं मोजली. ते पाच, पप्पा आणि मी. झाले सात. सात माणसं, सात सीट. संपलं प्लॅनिंग! मेसमध्ये जाऊन जेवले.

ज्यांनी कधी अशी गाडी ठरवली आहे ते आत्तापासूनच हसत असतील. सात सीटर म्हणजे ड्रायव्हर धरून सात. आणि मागची सीट वापरली की बॅगा ठेवायला जागाच उरत नाही. थर्मोडायनॅमिक्समध्ये सिस्टिमची बाउंडरी आखायला शिकवतात ना, त्यात मला चांगले मार्क होते. पण इथे ड्रायव्हर बाउंडरीच्या आत येतो हे सुचलंच नाही.

विमान पाऊण तास उशिरा आलं. दहा डाग बाहेर आले. टपावर कॅरियर नव्हतं. मागची एक सीट पाडली, बॅगा कोंबल्या, धाकट्या आतेबहिणीला मधल्या रांगेत चौथी बसवली. तरी दोन बॅगा आणि एक माणूस उरलंच. रस्ता मला माहीत (असा सगळ्यांचा समज), म्हणून मी गाडीत बसले आणि पप्पा दोन बॅगा घेऊन विमानतळाजवळच्या एका लॉजवर राहिले. सकाळी बसने येतो म्हणाले.

चांदणी चौक ओलांडला, भूगाव गेलं, पिरंगुट गेलं, पौड गेलं. पुढे अंधार आणि वळणं. मोबाईलची रेंज गेली. मला काळजी नव्हती, कारण रिसॉर्टच्या माणसाने दुपारी फोनवर सांगितलेली खूण मी वहीत लिहून ठेवली होती. तो म्हणाला होता, "पुणे एकोणपन्नासचा दगड दिसला की डावीकडे वळा." मी 'पन्नास' ऐकलं आणि पन्नासच्या पुढचंच काहीतरी असणार म्हणून लिहिलं ५९. हसू नका! कॉन्व्हेंटमधल्या कुठल्याही मुलाला एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर एका दमात विचारून बघा. गंमत म्हणून ही चूक मी मैत्रिणींना बऱ्याचदा सांगितली आहे. त्या रात्री मात्र ती गंमत नव्हती. दहा किलोमीटर पुढे जाऊन आम्ही ताम्हिणीच्या वळणांत रस्ता शोधत होतो, रात्री तीन वाजता.

तेव्हा माझं लक्ष ड्रायव्हरदादांकडे गेलं. ते काच खाली करून गार वारा तोंडावर घेत होते. मग गाडी कडेला लावून बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारून आले. मी विचारलं, "दादा, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "सकाळी सातपासून गाडीवर आहे, ताई. एअरपोर्ट पिकअप एवढंच कळलं होतं. मला वाटलं कोथरूड नाहीतर बाणेर असेल. तुम्ही आधी सांगितलं असतं तर दुपारी दोन तास झोपून निघालो असतो."

आवाजात राग अजिबात नव्हता. पण गाडीत सहा माणसं आणि हे सातवे, बाहेर घाट, आणि गाडी चालवणारा माणूस वीस तास जागा. का, तर मी फोनवर एक वाक्य जास्त बोलले नाही म्हणून. मी त्यांच्याशी सारखी बोलत राहिले, त्यांच्या मुलीची दहावी, गाडीचा हप्ता, काहीही. मागे आत्याच्या सासूबाई जाग्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय, दोन्ही गुडघे दुखणारे. त्यांनी एकदाही "किती राहिलं?" विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

पोचलो तेव्हा चारला पाच-दहा मिनिटं कमी होती. चहा घेऊन एक मुलगी आली, माझ्याच वयाची. मी म्हटलं, "तुम्हाला आमच्यामुळे जागावं लागलं." ती म्हणाली, "तसं पण मी इथंच असते. ड्यूटी सुटायच्या आधी शेवटची बस जाते. मग आठवड्यातले पाच दिवस इथंच झोपायचं." तिचं गाव तलावाच्या पलीकडच्या अंगाला आहे. चालत जायचं तर दोन तास. ड्रायव्हरदादा चहा पिऊन परत निघाले. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा कळलं की, पौडला गाडी लावून ते उजाडेपर्यंत गाडीतच झोपले होते. त्यांच्या परतीच्या रस्त्याचा हिशेब माझ्या प्लॅनिंगमध्ये कुठेच नव्हता.

आता पप्पांची गोष्ट. ते सकाळी सातला लॉजवरून निघाले. रिक्षाने रामवाडीच्या मेट्रो स्टेशनवर आले. तिथून थेट वनाझ. ही मेट्रो आता आहे, हे मुळशीतल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे कॉलेज एवढाच तुकडा सुरू झाला होता, मार्च २०२४ मध्ये तो रामवाडीपर्यंत पोचला. साधारण पंधरा किलोमीटर, सोळा स्टेशनं. म्हणजे पुणे शहराच्या एका टोकाचं विमानतळ आणि दुसऱ्या टोकाचा पौड रोड यांच्या मधला सगळ्यात गर्दीचा पट्टा आता रुळांवरून, पाऊण तासाच्या आत आणि पन्नास रुपयांच्या आत पार होतो. पप्पा खूश होते. "अगदी तुझ्या आत्याच्या देशात असल्यासारखं वाटलं," म्हणाले.

पण वनाझला उतरल्यावर आत्याचा देश संपला. पौडच्या बससाठी ते सव्वा तास उभे. बस कधी येणार हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, प्रत्येकजण "येईल आत्ता" म्हणत होता. पौडला उतरल्यावर पुन्हा वाट पाहणं. शेवटी भाजीच्या टेम्पोत, दोन बॅगा मांडीवर घेऊन, साडेअकराला रिसॉर्टवर हजर! मी बसून हिशेब केला. साठ-पासष्ट किलोमीटरला साडेचार तास. झेरमाटला गेलो होतो तेवढाच वेळ! आणि त्यातले दोन तासांहून जास्त पप्पा कशातच बसलेले नव्हते. नुसते उभे होते.

इथे माझ्या लेखाचा मुद्दा आहे. रस्ता खराब नाही. चांदणी चौकाचं नवं जंजाळ ऑगस्ट २०२३ मध्ये खुलं झालं, तिथली जुनी कोंडी बरीच सुटली. मेट्रो आहे, बस आहे, टेम्पो आहे, रिसॉर्टची जीपही आहे. तुकडे सगळे आहेत. ते एकमेकांना ओळखत नाहीत, एवढंच. मेट्रोला माहीत नाही बस कधी सुटते, बसला माहीत नाही मेट्रो कधी येते, आणि रिसॉर्टला माहीत नाही पाहुणा कुठे उभा आहे.

लगेच कुणीतरी म्हणणार, "स्वित्झर्लंडशी काय तुलना करतेस? त्यांच्याकडे पैसा आहे." पैसा आहे, मान्य. पण त्यांनी पैसा ओतायच्या आधी काय केलं ते वाचलं तेव्हा मी चकित झाले. १९८२ साली त्यांनी देशभर ठरावीक ठेक्याचं वेळापत्रक लागू केलं. दर तासाला गाडी, त्याच मिनिटाला. नऊ वाजून दोन मिनिटांची गाडी असेल तर दहा वाजून दोन मिनिटांचीही असणार. मोठ्या स्टेशनांवर वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या थोड्या थोड्या वेळाच्या अंतराने येतात, माणसं बदलतात, मग गाड्या सुटतात. पुढे १९८७ मध्ये लोकांचं मतदान घेऊन 'रेल्वे २०००' नावाची योजना मंजूर झाली. या योजनेत झ्यूरिक ते बर्न हा प्रवास एका तासाच्या आत यायला हवा होता, कारण तसं झालं तरच पुढच्या गाड्या जुळणार होत्या. म्हणून २००४ मध्ये त्यासाठी नवा मार्ग सुरू केला आणि प्रवास ५६ मिनिटांवर आणला. म्हणजे आधी कागदावर वेळापत्रक काढलं, मग ते जुळावं म्हणून रूळ टाकले! आपण नेमकं उलटं करतो. आधी काँक्रीट ओततो आणि मग विचारतो, "हं, आता यावरून काय धावणार?" कागदाला आणि पेन्सिलीला स्विस पैसा लागत नाही.

दुसरं म्हणजे, परदेशच कशाला? आपलं माथेरान बघा. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे बांधली. दोन फुटी रूळ, सुमारे २१ किलोमीटर. मुंबईची गाडी नेरळला थांबते, तिथूनच छोटी गाडी. माथेरानमध्ये आजही पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत, दस्तुरी नाक्यावरच थांबतात. झेरमाटचं जे टेश, तेच आपलं दस्तुरी! फरक आहे तो पुढच्या अंतराचा. दस्तुरीपासून पुढे वर्षानुवर्षं माणसाने ओढायच्या रिक्षा चालत होत्या. एक माणूस पुढे ओढतो, दुसरे मागून ढकलतात आणि पाहुणा आत बसतो. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचा विचार कुणी केला नाही, तर तो भार कुणाच्या तरी खांद्यावर जातो. माथेरानला तो डोळ्यांना दिसतो, मुळशीत तो ड्रायव्हरच्या झोपेत आणि त्या मुलीच्या शेवटच्या बसमध्ये लपलेला असतो.

आणि मुळशीबद्दल बोलायचं तर लवासाला कसं विसरणार? आपल्याच तालुक्यात, वरसगाव धरणाच्या काठी, इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर गाव उभं राहिलं. पिवळ्या, गुलाबी, केशरी भिंती, पाण्याकाठचा रस्ता. फर्स्ट इयरला आपण सगळेच तिथे फोटो काढून आलोय. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याची कारणं मोठी आहेत, माझा तो विषय नाही. मला वेगळीच गोष्ट खटकते. मूळ पोर्टोफिनोला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. लोक शेजारच्या सांता मार्गेरिता गावी रेल्वेने उतरतात आणि तिथून बसने, बोटीने, नाहीतर चक्क चालत जातात. आपण भिंतींचे रंग आणले, पण ती जुळलेली जोडणी आणायची राहिली. टेमघरच्या घाटातून बहुतेक लोक स्वतःची गाडीच काढतात. पोस्टकार्डावर दिसतं ते सगळं आलं, दिसत नाही ते तिथेच राहिलं.

आणखी एक आक्षेप माझ्या रूममेटने काढला. "मुळशीला बसने येणार कोण? रिसॉर्टला येणारे सगळे मोटारवाले." तिला मी म्हटलं, मोजूया. रिसॉर्टमध्ये वेटर, माळी, सफाईवाल्या, स्वयंपाकी, वॉचमन. आपल्या हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी. लॅब असिस्टंट. आणि आपण! दर सेमिस्टरच्या शेवटी काय होतं? पहाटेचं विमान गाठायचं म्हणून गुवाहाटीची, नागपूरची मुलं रात्री एक वाजता गेटवर उभी असतात. चौघांत एक गाडी मिळाली तर नशीब. मुलींना रात्री बाहेर पडायला परवानगीचं पत्र, त्यावर घरच्यांचा फोन. बसने प्रवास करणारी माणसं या रस्त्यावर कमी नाहीत. त्यांना कुणी मोजलेलं नाही. १९२१ मध्ये याच तलावाच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर मुळशीचे शेतकरी सत्याग्रहाला बसले होते, तरी जमिनी पाण्याखाली गेल्याच. त्या पाण्याचा नजारा बघायला आज आपण खोल्यांचं भाडं भरतो. निदान तिथल्या माणसाला रात्री घरी जायला एक बस तरी वेळेवर असावी, ही मागणी फार मोठी नाही.

मग करायचं काय? सरकारवर सोडून देऊन लेख संपवणं सोपं आहे. सरकारकडून एक गोष्ट येते आहे. वनाझपासून चांदणी चौकापर्यंत आणि रामवाडीपासून वाघोलीच्या बाजूला मेट्रो वाढवायला जून २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. दोन्ही मिळून पावणेतेरा किलोमीटर, तेरा स्टेशनं. त्यासाठी चार वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे मेट्रो आपल्या आणखी जवळ येणार. पण चांदणी चौकात उतरून पुन्हा सव्वा तास उभं राहायचं असेल तर काय उपयोग? तेव्हा वेळापत्रक आत्ताच जुळवायला हवं. दर तासाला, ठरलेल्या मिनिटाला, मेट्रोतून माणसं बाहेर यायला वेळ देऊन सुटणारी एक पौड-मुळशी बस. आणि शेवटची बस रिसॉर्टची ड्यूटी सुटल्यावर, आधी नाही. तलावाच्या काठच्या रिसॉर्टांनी प्रत्येकी वेगळी जीप पळवण्याऐवजी पौडहून एक सामायिक शटल ठेवली तर पाहुण्यांची सोय होईल आणि कामाला येणाऱ्यांचीही. रात्री उशिराच्या विमानाला मेट्रो नसते, तेव्हा गाडी लागेलच. पण ती ठरवताना ड्रायव्हरला तीन गोष्टी सांगा. माणसं किती, डाग किती, आणि जायचं नक्की कुठे. परत जायला उशीर होणार असेल तर त्यांच्या झोपण्याची सोयही विचारा. रिसॉर्टमध्ये त्याला एक कॉट मिळू शकते. आम्ही मागितलीच नव्हती.

आणि मैलाच्या दगडाचा आकडा फोनवर ऐकू नका, लिहून मागवा. निदान कॉन्व्हेंटवाल्यांनी तरी!

आत्या परत जाताना मी तिला तो जुना कागद दाखवला. तो मी अजून जपून ठेवलाय. म्हटलं, "तुझ्यासारखं प्लॅनिंग मला जमलं नाही." ती म्हणाली, "मला तरी कुठे जमतं? म्हणून तर चौथा रकाना काढते. आपण चुकणार हे धरूनच चालते." परतीच्या वेळी मी दोन गाड्या ठरवल्या, दुपारच्या. ड्रायव्हर तेच दादा. आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. आत्याच्या सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि पिरंगुट येईपर्यंत छान झोपल्या.

आपण इथे चार वर्षं पूल, यंत्रं, सर्किटं, प्रोग्रॅम शिकतो. प्रोजेक्टसाठी विषय मिळत नाही म्हणून सीनियरच्या जुन्या फायली उपसतो. हॉस्टेलच्या गेटपासून विमानतळापर्यंतचं जुळलेलं वेळापत्रक, हा विषय कुणी घेतला तर मी सर्व्हेला विनामूल्य हजर आहे. सरांनी आणि मॅडमनी मनावर घेतलं तर फारच छान.

तोवर सुरुवात म्हणून मेसच्या दाराशेजारच्या बोर्डावर मी एक कागद लावला आहे. चार रकाने आखलेत. पहिल्या तीनमध्ये मला माहीत असलेल्या बसच्या वेळा भरल्यात, मेसच्या मावशींनी त्यातल्या दोन चुका दुरुस्तही केल्या. चौथ्या रकान्यात, 'चुकली तर' खाली, रात्रीच्या शेवटच्या बससमोर काय लिहायचं ते मावशींनाही माहीत नव्हतं. तो चौकोन अजून कोराच आहे. कुणाला माहीत असेल तर कृपया लिहा. दोरीला पेन बांधून ठेवलंय. तेवढं पळवू नका!